ब्लॉक मुंबईला पाठव, आईला नको

पत्र थोडक्यात: तासगाव तालुक्यातली २६ वर्षांची एक शिक्षिका लिहिते. आई ५२ वर्षांची. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, दोन्हीकडचा कारभार आईच्याच हातात. तीन महिन्यांपासून तिचं पोट फुगल्यासारखं वाटतं, ओटीपोटात दुखतं, संध्याकाळी कणकण येते. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषध दिलं, मध्येच तीन इंजेक्शनं दिली, त्यानं चार दिवस बरं वाटलं. वजन ६१ किलोवरून ५३ वर आलं. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत घट्ट गाठी दिसल्या. सीए-१२५ ही रक्ततपासणी १४० आली. सांगलीतल्या सर्जननी 'अंडाशयाचा कॅन्सर वाटतो, पिशवीसकट सगळं काढू' म्हणून तारीख दिली. मिरजेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र सीटी बघून रक्तातलं एलडीएच तपासायला लावलं. ते ११८० निघालं. त्यांनी ऑपरेशन थांबवून जाड सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट आला: 'गोल पेशींची घातक गाठ, लिम्फोमाची शक्यता, आयएचसी करावी.' लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, आणि आयएचसी म्हणजे पेशी कुठल्या घराण्यातल्या ते ओळखणारी रंगांची तपासणी. त्या रिपोर्टला आज आठ दिवस झाले. काका म्हणतात, डॉक्टर लांबवतायत, मुंबईला न्या नाहीतर ऑपरेशन उरका. आईला 'पिशवीला सूज आहे' एवढंच सांगितलंय. बाबा फवारणीवरून स्वतःला दोष देतात. मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, पण 'आई आहे तोवर' ते आधीच उरकावं असा घरात सूर आहे. आणि सासरकडून विचारणा झालीय, हा आजार आईकडून मुलीला येतो का? 'तीन डॉक्टर, तीन मतं. विश्वास कुणावर ठेवू?'

तुझ्या चार पानी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू तिसऱ्या पानावर, लग्नाच्या विषयात, जाता जाता लिहून टाकलंयस. आई रात्रीतून दोनदा उशीचा अभ्रा बदलते. तुम्ही ते पाळी जाण्याच्या वयावर टाकून मोकळे झालात. मिरजेच्या डॉक्टरांना हे सांगितलंय का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. पाळी जातानाचा घाम लाटेसारखा येतो, काही मिनिटांत ओसरतो, दिवसाही येतो. अभ्रा बदलावा लागेल असा रात्रीचा घाम, संध्याकाळचा ताप आणि सहा महिन्यांच्या आत दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं वजन, ही तिन्ही एकत्र आली की लिम्फोमाचे डॉक्टर कान टवकारतात. तुझ्या आईचं वजन तीन महिन्यांत तेरा टक्के उतरलंय. उद्या सकाळी फोन करून सांग.

दुसरं, ती तीन इंजेक्शनं कसली होती? गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन नाव लिहून आण. भांडायला जाऊ नकोस, नुसतं नाव विचार. अशा वेळी बऱ्याचदा स्टेरॉइड दिलेलं असतं. त्यानं ताप उतरतो, भूक लागते, पेशंट खूश होतो. पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडनं विरघळतात. गाठ तात्पुरती लहान होते आणि तुकड्यात मेलेल्या पेशीच जास्त सापडतात. मग तुकडे तपासणाऱ्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काय? तपासणी अजून चालू आहे आणि गरज पडली तर पुन्हा तुकडा काढावा लागेल. म्हणून पक्कं निदान होईपर्यंत गावातलं इंजेक्शन नको आणि अंगदुखीची बिननावाची पुडीही नको. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वतः विचार करून स्टेरॉइड सुरू केलं तर ती वेगळी गोष्ट. आणि दमा किंवा संधिवातासाठी कुणी रोज स्टेरॉइड घेत असेल, तर त्यानं हे वाचून ते आपल्या मनानं बंद करू नये.

आता 'तीन डॉक्टर, तीन मतं' याबद्दल. मला तुझ्या पत्रात तीन मतं दिसली नाहीत. सोनोग्राफीला विचारलं होतं, पोटात काय आहे? ती म्हणाली, गाठी आहेत. सीए-१२५ ला विचारलं, काही गडबड आहे का? ती म्हणाली, आहे. त्यापलीकडे तिला फारसं बोलता येत नाही. ३५ च्या वरचा आकडा अंडाशयाच्या कर्करोगात येतो, तसा पोटाच्या टीबीत येतो, एंडोमेट्रिऑसिसमध्ये येतो, कधी नुसत्या पाळीच्या दिवसांतही येतो. पोटाच्या आतलं अस्तर चिडलं की तो चढतो. आपल्या भागात पोटाचा टीबी काही दुर्मीळ नाही, आणि केवळ या आकड्यावरून कर्करोगाचा शिक्का बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सांगलीच्या सर्जनांनी दोन्ही गोष्टी एकत्र पाहून जो अंदाज केला, तो त्या घडीला रास्त होता. अंडाशयाच्या सगळ्या गाठींमध्ये लिम्फोमा जेमतेम दीड टक्का असतो. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णवचा विचार आधी करणं याला चूक म्हणत नाहीत.

मिरजेच्या डॉक्टरांना खटकलं ते सीटीत. दोन्ही बाजूंना गाठी, आतून भरीव, एकसारख्या, आणि पोटात पाणी जवळजवळ नाही. अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगात पाण्याच्या पिशव्या आणि भरीव भाग यांची सरमिसळ दिसते, पुढं पोटात पाणी साठतं. म्हणून त्यांनी एलडीएच केलं. प्रयोगशाळेप्रमाणे त्याची वरची मर्यादा साधारण अडीचशेच्या आसपास असते, आणि पेशी भराभर वाढत-मरत असल्या की तो आकडा उडतो. डिसजर्मिनोमा नावाच्या अंडाशयाच्या गाठीतही तो वाढतो, पण ती बहुधा विशीच्या आतबाहेरच्या मुलींची गाठ. बावन्नाव्या वर्षी तिचा नंबर खाली जातो. मिरजेच्या त्या डॉक्टरबाईंनी कागद नीट वाचला आणि ठरलेलं ऑपरेशन थांबवलं. ठरलेली तारीख रद्द करायला डॉक्टरला किती बळ लागतं, हे बाहेरून कळत नाही.

काकांचं वाक्य तू जसंच्या तसं दिलंयस: 'सुई घातली की गाठ फुटती, आन् मग काय ऱ्हात न्हाई.' हे मी उभ्या आयुष्यात हजार वेळा ऐकलंय, आणि स्तनाच्या किंवा मानेच्या गाठीबद्दल कुणी म्हणालं की सरळ खोडून काढते. अंडाशयाच्या बाबतीत मात्र काकांना अर्धे मार्क द्यावे लागतील. कर्करोग अंडाशयाच्या आतच, त्याच्या आवरणात बंद असेल आणि तो नेहमीच्या प्रकारचा असेल, तर सुईनं ते आवरण फोडून पेशी पोटात सांडणं टाळलं जातं. तिथं गाठ अखंड काढायची असते. पण चित्र लिम्फोमाकडे बोट दाखवत असेल तर हिशेब उलटा होतो. लिम्फोमा हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या घराण्याचा आजार. तो सांडण्याचा प्रश्न नसतो, तो मुळातच अंगभर फिरू शकणारा असतो. त्याला कापून संपवता येत नाही. औषधानंच तो हटतो. मग पोट उघडून गर्भपिशवी, दोन्ही अंडाशयं, चरबीचा पडदा सगळं काढलं, तर आईच्या हाती काय लागेल? मोठी जखम, ती भरेपर्यंत पुढं ढकललेलं खरं औषध, आणि ज्याची गरजच नव्हती असं ऑपरेशन.

म्हणजे एकाच अवयवातल्या दोन गाठी, आणि दोघींची वाट वेगळी. एकीला बहुधा सर्जन आधी लागतो, दुसरीला औषधाचा डॉक्टर. वाटेचा निर्णय तुकड्यावर आहे. ज्या आठ दिवसांना काका 'लांबवणं' म्हणतात, ते आठ दिवस तुझ्या आईच्या उपचारातलेच आहेत.

आयएचसीत नेमकं काय चाललंय ते सांगते, म्हणजे वाट बघणं थोडं सोपं होईल. आपल्याकडच्या लग्नात सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे बांधले की वऱ्हाडी कोण आणि घरचे कोण, लांबून कळत नाही. सगळे सारखेच दिसतात. मग जवळ जाऊन विचारावं लागतं, 'तुम्ही कुणाकडचे?' तुझ्या आईच्या पातळ कापावर तेच झालंय. सगळ्या पेशी गोल, सगळ्यांचं केंद्रक मोठं. आयएचसी हे विचारपूस करणारं रसायन. सीडी-४५ विचारतं, पांढऱ्या पेशींच्या घरातले का? उत्तर 'हो' असेल तर पेशी तपकिरी रंगते. सीडी-२० विचारतं, त्यातही बी पेशींचे का? सीडी-३ टी पेशींना हाक मारतं. सायटोकेरॅटिन विचारतं, अस्तराच्या पेशी आहात का, म्हणजे नेहमीचा कर्करोग? तिथं 'नाही' आलं पाहिजे. मग दुसरी फेरी: सीडी-१०, बीसीएल-६, मम-१, बीसीएल-२, मिक. केआय-६७ हा वाढीचा वेग सांगतो. एका फेरीचं उत्तर बघितल्याशिवाय दुसरीत काय विचारायचं ते ठरत नाही, म्हणून दिवस जातात. केआय-६७ च्या पुढं ऐंशी-नव्वद टक्के असा आकडा आला तर घाबरून जाऊ नकोस. तो वेग सांगतो, आयुष्य मोजत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी औषधालाही बऱ्याचदा चांगली दाद देतात.

'लिम्फोमा' एवढ्या नावावर थांबायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. प्रौढ बाईच्या अंडाशयात जास्त करून सापडतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल हा प्रकार. लहान मुलींत आणि तरुणींत बर्किट असू शकतो. तो फार वेगानं वाढतो आणि त्याचं औषध वेगळं असतं, जास्त कडक. रिपोर्टवर पूर्ण नाव हवं. कधी फिश नावाची जनुकांची तपासणीही सांगतात. तिला आणखी दिवस लागले तर 'तोवर उपचार सुरू करता येतील का?' असं विचारायचा तुला हक्क आहे.

मी स्वतः यात चुकले आहे. १९९०च्या दशकात, हे तपकिरी रंग आमच्या हाताशी नव्हते तेव्हाची गोष्ट. एकोणीस वर्षांच्या मुलीचं काढलेलं अंडाशय माझ्या टेबलावर आलं. गोल पेशी, मध्ये मध्ये लहान लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. मी डिसजर्मिनोमा लिहिलं. पण रात्री झोप लागेना. काहीतरी खुपत होतं, काय ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या हाती तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक देऊन मुंबईला पाठवला. बारा दिवसांनी उत्तर आलं, लिम्फोमा. तिच्या वडिलांसमोर बसून माझं आधीचं निदान मागे घेताना माझा चेहरा कसा झाला असेल ते मला ठाऊक नाही. ते मात्र एवढंच म्हणाले, 'बरं झालं, विचारलंत.' मुलीचं पुढं काय झालं ते मुद्दाम सांगत नाही. तुझी आई म्हणजे ती मुलगी नव्हे, आणि तू त्यातून उगाच शकुन काढत बसशील.

यावरूनच काकांच्या मुंबईकडे येते. दुसरं मत जरूर घ्या, दुर्मीळ आजारात तर घ्याच. पण ते मत आईच्या नाडीवरून मिळायचं नाही, तुकड्यावरून मिळेल. तो तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो, काडेपेटीपेक्षाही लहान, आणि प्रयोगशाळा तो वर्षानुवर्षं सांभाळते. तो मागण्याचा पेशंटला अधिकार आहे. अर्ज करायचा, सही करायची, ब्लॉक आणि काचपट्ट्या घ्यायच्या, सोबत रिपोर्टची प्रत आणि सीटीची सीडी. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरजेहून सुटते, सकाळी मुंबईत. भावाला पाठव. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या काचपट्ट्या तपासून मिळतात. आई घरी, तिच्या बिछान्यावर राहू दे. अजून आयएचसी चालू असेल तर ब्लॉक आधीच काढून नेऊ नका, नाहीतर दोन्हीकडचं काम अर्धवट राहील. पहिला रिपोर्ट हाती येऊ द्या. उपचारासाठीच मुंबईला राहायची वेळ आली तर परळला नाना पालकर स्मृती समितीत पेशंट आणि नातेवाइकांच्या राहण्याची सोय असते. पण लिम्फोमाच्या औषधाची एक फेरी दर एकवीस दिवसांनी असते, बऱ्याचदा सहा फेऱ्या. त्या काळात कधी ताप आला, पांढऱ्या पेशी उतरल्या, तर रात्री दोन वाजता अर्ध्या तासात गाठता येईल असं रुग्णालय लागतं. १८९४ साली वानलेस साहेबांनी मिशनचं रुग्णालय काढल्यापासून अर्धा कर्नाटक 'मिरजेला न्या' म्हणत आलाय. तुम्ही मिरजेपासून एवढ्या जवळ राहून मुंबई-मुंबई करता, याची गंमत वाटते.

आठव्या दिवशी प्रयोगशाळेला फोन करून 'रिपोर्ट आला का?' असं विचारू नकोस. त्याला 'नाही' एवढंच उत्तर मिळतं. 'कोणते मार्कर झाले, कोणते राहिले, तुकडा पुरेसा आहे का?' असं विचार. तुकडा अपुरा असेल तर ते दहाव्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणि हात बांधून बसू नका. हे दिवस बाकीच्या तपासण्यांत घालवा, डॉक्टरांना तसं सुचवा. हृदयाची टूडी इको, कारण या औषधांतलं एक लाल रंगाचं औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयावर ताण देतं. कावीळ बी आणि सी, कारण त्यांतल्याच रिटुक्सिमॅब या औषधानं अंगात झोपलेली कावीळ बी जागी होऊ शकते. एचआयव्हीची तपासणीही सांगतील. बाबांना आधीच बजावून ठेव, ती सगळ्यांचीच करतात, अपमान मानून घेऊ नका. क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, साखर. साखर महत्त्वाची, कारण औषधांत पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. पेट सीटीची वेळ घेऊन ठेवा. लिम्फोमा अंडाशयातच सुरू झालाय की दुसरीकडून तिथं आलाय, हे पेट सीटी आणि गरज पडल्यास हाडाच्या मगजाची तपासणी यांवरून ठरतं. फक्त अंडाशयात असेल तर त्याला प्राथमिक म्हणतात. ते फारच विरळ, हॉजकिन्सेतर, म्हणजे हॉजकिन प्रकार सोडून बाकीच्या लिम्फोमांत अर्धा टक्का. आम्ही पॅथॉलॉजिस्ट त्या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतो. आईच्या औषधात त्यानं सहसा फार फरक पडत नाही.

लघवी कमी झाली, दम लागला, उलट्या थांबेनात किंवा पोटात एकदम असह्य कळ आली, तर रिपोर्टची वाट बघू नका, तडक रुग्णालयात न्या. गाठीला पीळ पडला किंवा आत रक्तस्राव झाला तर ऑपरेशन करावंच लागतं, मग नाव कळलेलं असो वा नसो.

हे वाचणाऱ्या काही बायकांचं सगळं काढून झाल्यावर मागाहून 'लिम्फोमा' असा रिपोर्ट आला असेल. त्यांनी स्वतःला किंवा सर्जनला बोल लावू नये. जगभर या आजाराचं निदान बऱ्याचदा असंच, ऑपरेशननंतर होतं. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये नीट ठेवली गेली असेल तर निदान तिच्यातूनही पक्कं होतं. 'नीट' याच्यावर माझा जोर आहे. एकदा एका लहान दवाखान्यातून गाठ आली ती लोणच्याच्या बरणीत, नुसत्या सलाइनमध्ये, एसटीतून, उन्हाळ्यात. उघडल्यावर खोलीत थांबवेना. त्यातून मी काहीच सांगू शकले नाही, आणि त्या बाईचं पोट तर दुसऱ्यांदा उघडता येत नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी गाठ नातेवाइकांच्या हाती देणार असतील तर विचारा: रुंद तोंडाचा डबा आहे का, गाठ पूर्ण बुडून वर राहील इतकं, शक्यतो दसपट, फॉर्मॅलिन आहे का? विचारल्यानं कुणी चिडलं तर चिडू दे.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, पण बागेवर कर्ज असणार हे धरून चालते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची औषधं येतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि तुकड्याचा मूळ रिपोर्ट घेऊन उपचार सुरू व्हायच्या आधी तिथं जा. मंजुरी आधी लागते, बिल झाल्यावर धावून उपयोग नसतो. रिटुक्सिमॅब एके काळी आपल्या आवाक्याबाहेर होतं. २००७ पासून ते भारतातही बनतं, त्यामुळे 'देशी आहे म्हणजे हलकं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

सासरच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अंडाशयाचा नेहमीचा कर्करोग काही घराण्यांत बीआरसीए जनुकातल्या दोषातून चालत येतो, आणि तो दोष असेल तर मुलीनं तपासणीचा विचार करावा. लिम्फोमाचं तसं नाही. जवळच्या नात्यात शक्यता किंचित वाढते, पण इतकी नाही की तुला एखादी तपासणी सांगावी लागेल. मात्र मला त्या प्रश्नातला दुसरा भाग खटकला. विचारणाऱ्यानं आईची तब्येत विचारली होती का? तू लिहिलं नाहीस. होणाऱ्या नवऱ्याशी तू स्वतः बोल, मध्यस्थाकडून नको.

बाबांच्या फवारणीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लिंडेनला हॉजकिन्सेतर लिम्फोमाचं निश्चित कारण म्हटलं, आणि मॅलाथिऑन, डायझिनॉन, ग्लायफोसेट यांना संभाव्य. म्हणजे बाबांची शंका खुळी नाही. पण अमुक बाईचा आजार अमुक फवाऱ्यातून आला, हे कुठलाही सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. ज्यांनी फवारलं नाही त्यांनाही लिम्फोमा होतो. पुढच्या फवारणीला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, आणि औषध मिसळायची बादली विहिरीपासून लांब. बाबांनी एवढं करावं. मागचा खटला चालवायला आत्ता कुणाला वेळ नाही.

लग्नाचं. 'आई आहे तोवर' हे कुणी ठरवलं? निदानच झालेलं नाही आणि घरानं निकाल देऊन टाकला. डिफ्यूज लार्ज बी-सेल निघाला, तर तो योग्य औषधांनी निम्म्याहून जास्त लोकांत कायमचा बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. तुझ्या आईचं काय होईल हे मी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर तूही विश्वास ठेवू नकोस. पण घाईनं लग्न उरकण्यासाठी औषध पुढं ढकललंत तर ते माझ्या मते फार वाईट होईल. मार्गशीर्षातली तारीख ठेवायची असेल तर डोसांच्या तारखा शेजारी लिहून बघा. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा पाचशे माणसांत तिला बसवू नका. पुढचा डोस घ्यायच्या आधीचे चार-पाच दिवस बरे. केस गेलेले असतील. तिला डोक्यावर पदर घ्यायचा की टोपी घालायची की तसंच मिरवायचं, ते तिचं ती ठरवेल.

आणि तिला काही ठरवायचं तर आधी माहीत हवं. तू लिहितेस, 'तिला कळलं तर खचेल.' बेदाण्याच्या सौद्याला जाऊन व्यापाऱ्याशी दरावरून भांडणारी ही बाई. तिला कर्करोग विभागाच्या दारावरची पाटी वाचता येत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? पोटात सुई घालण्याआधी संमतीपत्रावर सही कुणी केली? मला वाटतं, तिला बरंचसं कळलंय आणि तुम्हाला त्रास नको म्हणून ती गप्प आहे. सगळं घर एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतंय.

एकदम सगळं ओतू नकोस. रात्री अभ्रा बदलायला ती उठेल तेव्हा तूही ऊठ. विचार, 'आई, तुला काय वाटतं, काय झालं असेल?' मग ऐक. 'मिरजेला डॉक्टर बोलतील तेव्हा सगळं तुला ऐकायचंय, की आम्ही ऐकून तुला सांगू?' हेही विचार. काही बायका म्हणतात, तुम्हीच बघा. तो तिचा निर्णय, पण तो तिनं सांगितलेला हवा. तिनं विचारलंच तर 'कर्करोग' हा शब्द टाळू नकोस. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, अंडाशयात बसलाय असं वाटतंय, पक्कं नाव यायचंय, बहुतेक ऑपरेशन न करता औषधानं उपचार होतील. आज तुझ्याजवळही याहून जास्त माहिती नाही, म्हणजे तिच्यापासून लपवायला काही उरतही नाही.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांच्या खोलीत आईच्या शेजारच्या खुर्चीवर तू बस, वही घेऊन. बाबा दुसऱ्या बाजूला. काकांना त्या वेळी खालच्या टपरीवर चहाला पाठव, आणि ब्लॉकचा नंबर लिहून घ्यायला विसरू नकोस. तो रिपोर्टवरच असतो.